भात्याचा हात: खानापूरच्या एका बुवांचा मिडी कीबोर्ड

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूर तालुक्यातून एक फोन आला. बोलणारी मुलगी बेळगावात बीसीए करते, गाव जांबोटीच्या वाटेवर. "सर, आप्पांसाठी मिडी कीबोर्ड मागवलाय. वायर लावली की लाईट लागते, पॅडही चमकतात, पण आवाजच येईना. खराब आलाय वाटतं. परत पाठवू काय?"

शहापुरात माझी रेकॉर्डिंगची एक छोटी खोली आहे, त्यामुळे असे फोन येतात. म्हटलं, थांब, आधी मला बघू दे. कीबोर्ड ठणठणीत होता. तरीही तिसऱ्या दिवशी मीच तो परत पाठवायला सांगितलं. तसं का झालं आणि पुढे काय केलं, ते सविस्तर लिहितोय. आपल्या सीमाभागात गावोगाव भजनी मंडळं आहेत, प्रत्येक मंडळात पेटीवर बसणारा कुणीतरी आहे आणि आता घरात पोरांचा लॅपटॉपही आलाय. हीच वाट आणखी कुणीतरी धरणार.

बुवांना काय हवं होतं

आप्पांना सगळं गाव बुवा म्हणतं. साठी उलटलीय, मंडळाची पेटी तीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. मराठी अभंग तर आहेतच, पण पाहुण्यांच्या गावी गेले की कन्नड दासरपदंही, म्हणजे हरिदासांची भक्तिगीतं, त्याच बैठकीत वाजवतात. मंडळातली पाच-सहा तरणी पोरं पुण्याला आणि गोव्याला कामाला आहेत. ती सप्ताहाच्या आदल्या दिवशी गावात उतरतात, तोवर चाली अर्ध्या विसरलेल्या असतात आणि काकड्याला मागचे टाळकरी गप्प पडतात. म्हणून बुवांनी ठरवलं, पेटीवर चाली वाजवून पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या. त्यांनी खोलीवर बसून म्हणाव्यात.

आधी फोनवर रेकॉर्ड करून बघितलं होतं. तिकडचा पाऊस पत्र्यावर एकदा सुरू झाला की पेटी ऐकू येत नाही. शिवाय पावसाळी हवा लागली की पेटीच्या दोन-तीन पट्ट्या खाली बसतात त्या वरच येत नाहीत. एक अंतरा चुकला की पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. मुलीनं कॉलेजात कुणाच्या तरी लॅपटॉपवर मिडी बघितलं होतं: चुकलेला सूर नंतर दुरुस्त करता येतो, बाहेरचा आवाज आत शिरत नाही, गाण्याची पट्टी हवी तशी वरखाली करता येते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खर्चाची मर्यादा दहा हजार. लॅपटॉप घरातलाच, विंडोजचा, आठ जीबी रॅमचा.

आवाज का नव्हता

खोक्यातून निघालेला कीबोर्ड २५ छोट्या पट्ट्यांचा होता. आठ पॅड, आठ नॉब, डाव्या कोपऱ्यात अंगठ्यानं फिरवायची जॉयस्टिक. या घडणीचे कीबोर्ड सगळ्यात जास्त खपतात, अकाईचा एमपीके मिनी त्यातला सर्वांच्या ओळखीचा. पिशवीत मावतो, आणि बोटांनी बीट ठोकणाऱ्या पोरांना याच्याइतकी सोयीची वस्तू नाही.

आवाज न येण्याचं कारण साधं आहे. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डच्या पोटात आवाज भरलेला असतो. मिडी कंट्रोलरच्या पोटात आवाज नसतोच. तो लॅपटॉपला फक्त निरोप देतो: अमुक नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरानं दाबली, आता सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे नंबर. मधल्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी एक, ६०; तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत वर गेलं की चौथी काळी, म्हणजे काळी चार, ६८. हा निरोप कसा द्यायचा याची ठरलेली भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीनं जोडून दाखवले, तेव्हापासून ती चालत आलीय. निरोप घेऊन त्याचा सूर करण्याचं काम लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचं.

बुवांना हे लगेच समजलं. "म्हणजे ही नुसती पट्टी. सुरी लॅपटॉपात," ते म्हणाले. सुरी म्हणजे पेटीच्या आतली, वाऱ्यानं थरथरून सूर देणारी धातूची पातळ जीभ. पेटी उघडून स्वतः सुऱ्या घासणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

सॉफ्टवेअर म्हणून रीपर घेतलं. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही फार ओझं टाकत नाही. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी उपकरणांच्या यादीत कीबोर्डचं नाव येतं, तिथे त्याचं इनपुट चालू करायचं. मग एक ट्रॅक उघडायचा, त्याच्या इनपुटला हा कीबोर्ड निवडायचा, ट्रॅकवर वाद्याचं प्लगइन, म्हणजे त्या वाद्याचा आवाज देणारं जोड-सॉफ्टवेअर, बसवायचं, रेकॉर्डचं लाल बटण दाबून मॉनिटरिंग, म्हणजे वाजवतानाच ऐकू येण्याची सोय, चालू ठेवायचं. मॉनिटरिंग चालू करायचं राहून गेलं की पट्टी दाबली तरी शांतता. फोनवर मला येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या इथेच संपतात. अशा कीबोर्डना सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि वीज यूएसबीच्या वायरीतूनच मिळते. जांबोटीकडे पावसात करंट गेला तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं, ही मोठी सोय झाली.

हवेत हलणारा हात

आवाज आला. इंटरनेटवरची एक मोफत हार्मोनियम बसवली होती. बुवांनी अभंगाची एक ओळ वाजवली आणि थांबले.

"एक सूर वरडालाय, एक कुजबुजालाय. माझा हात इतका कच्चा हाय होय रे?"

हात कच्चा मुळीच नव्हता. कंट्रोलरच्या प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला यावरून पट्टी किती वेगानं दाबली ते मोजतात आणि तो आकडा, म्हणजे व्हेलॉसिटी, निरोपात जातो. पियानोसाठी ते बरोबर आहे, तिथे हातोडी तारेवर आपटते. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते आणि वारा सुरीकडे जातो. हळू दाबा, जोरात दाबा, झडप उघडलेलीच. तीस वर्षं पेटी वाजवलेल्या बोटांना जोर मोजूनमापून देण्याची सवय कशी असेल? ती जागा शोधतात, जोर शोधत नाहीत.

हे मी सांगत होतो तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. उजवा हात छोट्या पट्ट्यांवर होता आणि डावा कीबोर्डच्या मागे हवेत, तळवा उघडा, मागेपुढे होत होता. भाता तिथे असायला हवा होता. त्यांना स्वतःला ते जाणवतही नव्हतं. मुलगी बघून हसली, तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि वाजवणं लगेच अवघडलं. हात पुन्हा हवेत गेला तेव्हाच ओळ सरळ आली.

तोवर मी प्रश्नाकडे चुकीच्या बाजूनं बघत होतो. पट्ट्या किती, पॅड हवेत का, कंपनी कुठली, यांचा विचार करत होतो. पेटीवाल्याची आवाजावरची सत्ता सगळी डाव्या हातात असते. ओळ उचलायची, समेवर भरायची, गायकानं आलाप घेतला की मागे सरायचं, हे सगळं भात्यानं होतं. त्या हाताला काम न देणारा कंट्रोलर कितीही चांगला असला तरी बुवांच्या कामाचा नाही.

जॉयस्टिकवर भाता देऊन बघितला. दोन मिनिटांत उत्तर मिळालं: बोट सुटलं की ती आपोआप मध्यावर परत येते. आवाज जिथे ठेवला तिथे राहत नाही. त्यात अंगठ्याएवढी जागा, तिच्यावर पंजा कसा बसवायचा? परत करण्याची मुदत अजून संपली नव्हती. कीबोर्ड व्यवस्थित खोक्यात घालून पाठवून दिला, पैसे आले.

टेप घेऊन बसलो

दुसरी निवड आम्ही शिंप्याच्या टेपनं केली. बुवांच्या पेटीवर पांढरी एक ते वरची पांढरी सात, हे एक सप्तक मोजलं. सहा इंचांना थोडं वर भरलं. पियानोच्या मापाच्या पट्ट्यांवर हेच अंतर साडेसहा इंच असतं, मिनी पट्ट्यांवर पाच-साडेपाच. पाऊण इंच कमी म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण बोटं डोळ्यांनी बघून पडत नाहीत, सवयीच्या अंतरावर पडतात. सडाफडा तान आली की मिनी पट्टीवर बुवांचं तिसरं बोट शेजारच्या पट्टीला घासायचं. मोठ्या पट्ट्यांवर पाव-अर्ध्या इंचाचा फरक ते दोन दिवसांत सावरतील असं मला वाटलं, आणि तसंच झालं.

पट्ट्यांची संख्या: त्यांची पेटी तीन सप्तकांची, ३७ पट्ट्यांची. अभंग मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत सहज जातो. २५ पट्ट्यांत मधेच ऑक्टेव्हचं, म्हणजे सप्तक बदलायचं, बटण दाबावं लागतं, आणि ते दाबायचं कुठल्या हातानं? म्हणजे ३७ हून कमी नको.

डाव्या हातासाठी चाक हवं. कंट्रोलरवर सहसा दोन चाकं असतात. सूर वरखाली ओढणारं बेंडचं चाक सोडलं की मध्यावर परत येतं. मॉड्युलेशनचं चाक ठेवाल तिथे राहतं. आम्हाला दुसरं हवं होतं. काही मॉडेलवर चाकाऐवजी बोट सरकवायची सपाट पट्टी असते, उदाहरणार्थ आर्टुरियाच्या कीस्टेपवर. वस्तू उत्तम आहे, पण न बघता हाताला नेमकी जागा सापडायला उंचवटा लागतो. वजनदार, हातोडीच्या पट्ट्या नकोत, कारण पेटीची पट्टी हलक्या स्प्रिंगवर चालते. पॅड, नॉब, पडदा यांपैकी काहीही नको.

पायानं दाबायच्या एक्स्प्रेशन पेडलचा विचारही आला. संगीत नाटकांच्या काळात ऑर्गनचा आणि पायपेटीचा भाता पायानंच चालायचा, म्हणजे परंपरेत ते बसतं. पण बुवा मांडी घालून बसतात. त्यांना खुर्चीवर बसवून भजनाची पेटी वाजवायला लावणं मला पटलं नाही, म्हणून पेडल सोडलं.

या गाळणीतून जे उरलं त्यात नोव्हेशनचा लाँचकी ३७ होता, मोठ्या पट्ट्या आणि चाकं असलेला, पण त्यातल्या पॅड-नॉबांचे पैसे बुवांनी का द्यावेत? एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ घेतला. मोठ्या हलक्या पट्ट्या, दोन चाकं, एक आवाजाची सरकपट्टी, बाकी मोजकी बटणं. बारा पट्ट्या जास्तीच्या आहेत, त्यांचं काय केलं ते पुढे येईल.

चाकाचा भाता

मॉड्युलेशनचं चाक मुळात कंट्रोल नंबर १ पाठवतं, आणि बहुतेक वाद्यांत त्यानं सुराला कंप येतो. आम्हाला त्यातून जोर हवा होता. इथे मी एक चूक केली. चाक नंबर ७ ला, म्हणजे चॅनेलच्या व्हॉल्यूमला जोडलं. वाजवताना झकास वाटलं. पण तंबोरा आणि ठेक्याचे ट्रॅक जोडून समतोल बसवला की बुवांनी चाक जिथे सोडलं असेल तिथे पेटी एक तर दबायची किंवा अंगावर यायची. ७ हे मिक्स करणाऱ्याचं, ११ हे वाजवणाऱ्याचं. ११ म्हणजे एक्स्प्रेशन: मिक्समध्ये ठरलेल्या आवाजाच्या आतल्या आत वरखाली. ते बदलल्यावर भांडण मिटलं. हा बदल कीबोर्डमध्ये करता येत होता, तरी मी तो रीपरमध्ये करून प्रोजेक्टचा साचा म्हणून जतन केला. उद्या दुसरा कीबोर्ड जोडला तरी साचा तोच राहतो.

आता बुवा बसले, चाकावर पंजा ठेवला आणि भात्यासारखं मागेपुढे हलवायला लागले. पेटी लाटेवरच्या होडीसारखी डोलायला लागली. त्यांचा चेहरा पडला.

मग आम्ही त्यांची खरी पेटी मधे घेतली. बाहेरचा भाता हाताचा, पण त्याच्या आत दुसरा भाता असतो, खाली स्प्रिंगा लावलेला. हात वारा आत ढकलतो, तो आधी आतल्या भात्यात साठतो आणि तिथून सारख्या दाबानं सुऱ्यांकडे जातो. म्हणून हात मागेपुढे होत असला तरी सूर डोलत नाही. चाक म्हणजे हाताचा भाता नाही, आतला भाता आहे. "आतला भाता भरलाय तेवढं चाक वर ठेवा, आणि पुन्हा हलवू नका. जोर वाढवायचा असेल तेव्हाच ढकला." बुवांनी दोन वेळा मान हलवली, चाक अर्ध्याच्या वर नेलं, ओळ वाजवली, समेच्या आधी सावकाश ढकललं. खोलीत जी पेटी वाजली ती पहिल्यांदा त्यांची वाटली.

दोन बारकावे आणखी. अनेक वाद्यांत ११ नंबरचा आकडा अर्धा केला तर आवाज अर्ध्याहून बराच खाली जातो: १२७ च्या जागी ६४ म्हणजे जवळपास १२ डेसिबल कमी. त्यामुळे चाकाच्या खालच्या अर्ध्या फेरीत पेटी जवळजवळ नाहीशीच व्हायची. मी खालची हद्द ६० वर आणून ठेवली, म्हणजे चाकाची सगळी फेरी उपयोगात आली. फक्त अगदी तळाशी नेलं की शून्य, भाता बंद. दुसरं असं, की चाक हलेपर्यंत ते कुठे आहे हे लॅपटॉपला माहीत नसतं. टेक सुरू झाला, पहिले सूर जुन्याच जोरानं वाजले आणि मग चाक हलल्यावर एकदम धक्का बसला, असं दोनदा झालं. उपाय बुवांनीच सुचवला. खरी पेटीसुद्धा वाजवायच्या आधी दोनदा भरावी लागते. आता ते रेकॉर्डचं बटण दाबलं की आधी चाक तळापासून वर आणतात आणि मग पहिला सूर लावतात.

बेंडच्या चाकावर मुलीला फार उत्साह होता. त्याला १६,३८४ पायऱ्या, साध्या कंट्रोलच्या १२८ च्या तुलनेत कितीतरी बारीक. पेटीत मींड येईल, सूर एकातून दुसऱ्यात घसरत जाईल! पेटीत मींड नाही, सूर ठोकळ्यासारखे उभे राहतात, हा आक्षेप जुना आहे. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती त्यामागेही तो होता. बुवांनी एकदा बेंड करून ऐकलं आणि म्हणाले, "ही पेटी न्हवं." माझंही मत तेच. पेटीचा वादक मींडीची कमी कणांनी, म्हणजे शेजारच्या सुराच्या ओझरत्या स्पर्शानं, आणि भात्यानं भरून काढतो, तीच त्याची कला. चाक चुकून हाताला लागू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

कीबोर्ड कुठे ठेवायचा? टेबलावर ठेवून बघितला, खांदे वर आले. शेवटी घरातल्या जेवणाच्या दोन पाटांवर ठेवला, बुवा खाली मांडी घालून. चाक डाव्या टोकाला, आणि कीबोर्ड पावणेतीन फुटांच्या आसपास लांब. मधल्या सप्तकात वाजवताना डावा हात पार ताणला जायचा. म्हणून ऑक्टेव्ह एकानं वर केला आणि वाजवणं डावीकडच्या ३७ पट्ट्यांवर आणलं. आता सगळ्यात डावीकडची पट्टी ४८, ३७ वी पट्टी ८४, पेटीइतकीच तीन सप्तकं, हाताजवळ. उजवीकडच्या बारा पट्ट्यांवर बुवांनी उपरण्याची घडी ठेवली. ती अजून तिथेच आहे.

पेटी कुणाची

मोफत हार्मोनियमवर काम भागलं असतं, पण बुवा तिच्यावर रुळेनात. म्हणून एका उघडिपीच्या दुपारी मी माइक घेऊन गेलो आणि त्यांचीच पेटी पट्टी-पट्टीनं रेकॉर्ड केली. ३७ सूर, प्रत्येक पंधरा सेकंद, म्हणजे ऐकायला नऊ-सव्वानऊ मिनिटांचं काम. प्रत्यक्षात तीन तास गेले. एका सुरात कोंबडा, दुसऱ्यात बसचा हॉर्न. बसलेल्या दोन पट्ट्या बुवांनी आधी खोलून, घासून मोकळ्या केल्या. पंधरा सेकंद भाता एकसारखा ठेवणं सोपं नसतं. त्यांनी डोळे मिटून ठेवला.

हे सूर एसएफझेड प्रकारात बांधले. एसएफझेड म्हणजे साधी मजकुराची फाईल, नोटपॅडमध्ये उघडते: कुठल्या नंबरच्या पट्टीला कुठला रेकॉर्ड केलेला सूर वाजवायचा, एवढं एकेका ओळीत लिहायचं. मुलीनं एका संध्याकाळी ३७ ओळी लिहून काढल्या. वाजवायला प्लोगचा सफोर्झांडो हा मोफत प्लेयर. याच फाईलमध्ये व्हेलॉसिटीचा परिणाम शून्य करायची एक ओळ असते. ती घातली आणि ओरडणं-कुजबुजणं संपलं. पट्टी हळू दाबा की जोरात, झडप उघडली. कीबोर्डवर व्हेलॉसिटी बांधून ठेवायचा पर्याय असतो, पण आवाजाच्या बाजूनं सोडवलेलं मला जास्त बरं वाटतं. दुसरं वाद्य घेतलं की कीबोर्डला हात लावावा लागत नाही.

मग तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं आणि सूर जुळेना. दोन्ही काळी चार, तरी मधे एक सावकाश घुमणारी थरथर. बुवांच्या पेटीचा सूर ट्यूनरवर बघितला. प्रमाण धैवत, म्हणजे पांढरी सहा, ४४० हर्ट्झचा धरतात. त्यांची ४४३ वर होती, सुमारे बारा सेंट वर (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर). पेटी चुकीची नाही, तीस वर्षांपूर्वी ज्यानं लावली त्यानं तशी लावली आणि सगळं मंडळ त्याच सुरात वाढलं. पेटीला हात न लावता तंबोऱ्याचं अ‍ॅप बारा सेंट वर केलं. थरथर गेली.

उशीर

हे प्रकरण थोडक्यात आटपतो, कारण उत्तर सगळीकडे तेच असतं. पहिल्या दिवसापासून बुवा म्हणत होते, सूर मागनं येतो. कारणं दोन निघाली. मुलगी ब्लूटूथचा नेकबँड वापरत होती. त्यात आवाज पोचायला सहसा शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात. भजनी ठेका मिनिटाला १६० मात्रांनी धरला तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. दीडशे-पावणेदोनशेचा उशीर म्हणजे जवळपास अर्धी मात्रा, त्यात कोण वाजवणार? वायरीचे साधे इअरफोन लावले. दुसरं कारण विंडोजचा नेहमीचा आवाजाचा मार्ग. एएसआयओ-फोर-ऑल हा मोफत ड्रायव्हर टाकला, रीपरमध्ये तो निवडला, सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दरानं बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचे आवाजाचे नमुने, ५१२ वरून २५६ वर आणला. १२८ वर लॅपटॉप तडतडायला लागला म्हणून पुन्हा २५६. त्या एका बफरचा उशीर साडेपाच मिलिसेकंदांहून कमी, आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून सहा फूट जातो. पेटी आणि पखवाज यांच्यात बैठकीला तेवढं अंतर असतंच.

आता काय चाललंय

आषाढीपर्यंत नऊ चाली झाल्या. षड्जाचा धरून ठेवलेला सूर वेगळ्या ट्रॅकवर घेतो: एक पट्टी ट्रॅकभर दाबलेली, खिट्टी ओढल्यासारखी. चुकलेला सूर मुलगी माउसनं उचलून जागेवर ठेवते. बुवांना आधी ते लबाडीचं वाटलं. मग एकदा त्यांनी विचारलं, ह्या ओळीचा कोमल निषाद जरा लांबव बघू, आणि ती लबाडी राहिली नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती पट्टी बदलायची सोय. बुवा काळी चारमध्ये वाजवतात. गोव्यातल्या दोघांचा आवाज खालचा, त्यांना काळी दोन लागते. रेकॉर्ड झालेले सगळे निरोप पाचनं खाली सरकवले, ६८ चा ६३ झाला आणि ती चाल काळी दोनमध्ये तयार झाली. रेकॉर्ड केलेला आवाज असा ओढला तर तो फाटतो. इथे आवाज ओढलेलाच नाही, तीच पेटी दुसऱ्या पट्ट्यांवर वाजते. फक्त षड्जाचा ट्रॅक सोबत सरकवायला पहिल्या वेळी विसरलो होतो. तेव्हा पोरांचा फोन आला, "बुवा, तंबोरा वेगळा बोलालाय."

गेल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या महिला मंडळानं निरोप पाठवला: चाली आम्हालाही द्या, पण काळी पाचमध्ये. बुवा उपरणं झटकून पाटासमोर बसले. एका चालीचा अंतरा त्यांना बायकांच्या गळ्यासाठी थोडा संथ हवा होता, म्हणून तो दोननं सरकवून न देता पुन्हा वाजवायचा होता. मॉड्युलेशनच्या चाकाशेजारी मुलीनं पांढरी चिकटपट्टी लावून पेननं "भाता" असं लिहिलंय. त्यांनी रेकॉर्ड लावायला सांगितलं, चाक तळापासून वर आणलं आणि सुरुवात केली.